न देण्यालाही सही लागते

सरकारी कचेरीत 'देत नाही' असं सरळ कुणी म्हणत नाही. 'साहेब मीटिंगला गेलेत.' 'रेकॉर्डचा माणूस रजेवर आहे.' 'एवढं जुनं आमच्याकडं नसतं, भूमी अभिलेखला विचारा.' 'कशाला पाहिजे तुम्हाला?' 'पुढच्या आठवड्यात चक्कर मारा.' ऐकणारा मान हलवून परत फिरतो, एसटी धरून गावी जातो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. त्याची मजुरी बुडते, भाडं जातं, मुलाच्या प्रवेशाची तारीख जवळ येते. या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट सारखी असते. त्यांतलं एकही उत्तर कागदावर नसतं. तो माणूस आला होता, त्यानं अमुक मागितलं होतं आणि त्याला परत पाठवलं, याची कचेरीत कुठंही नोंद राहत नाही.

मी एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. शाळेचं जनरल रजिस्टर, दाखल्यांची बुकं, सेवापुस्तकं, आवक-जावक हे सगळं माझ्या ताब्यात असे. निवृत्त झाल्यापासून आमच्या तालुक्याच्या गावी लोकांना जुने कागद मिळवून द्यायला मदत करते. पैसे घेत नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे, म्हणून जे समजलं ते सांगावंसं वाटतं. लिपिकाशी भांडून कागद मिळत नाही आणि हातापाया पडूनही मिळत नाही. तोंडी नकार कागदावर आणला, की बहुतेक वेळा कागद मिळतो.

लिपिक का टाळतो

सगळे लिपिक पैशासाठी अडवतात, असं लोक धरून चालतात. काही जण अडवतात, त्याबद्दल पुढं बोलूच. पण बरेचसे टाळतात त्याचं कारण वेगळं आहे. नक्कल द्यायची तर 'अस्सलबरहुकूम नक्कल' म्हणून तिच्यावर कार्यालयाचा शिक्का आणि सही पडते. उद्या त्या नकलेवरून जमिनीचा दावा उभा राहिला, कुणाचं जातप्रमाणपत्र रद्द झालं, तर पहिली विचारणा ती कुणी तयार केली याची होते. न दिलेल्या नकलेबद्दल मात्र कुणी कुणाला विचारत नाही. देण्याला सही लागते, न देण्याला लागत नाही. भित्र्या माणसानं यातली कोणती वाट धरावी, हे व्यवस्थेनंच ठरवून ठेवलं होतं.

दुसरं कारण रेकॉर्ड रूमच्या आत गेल्यावर दिसतं. रुमालात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले असतात. कशावर गावाचं नाव आहे, कशावर नाही. बदली झाल्यावर नव्या माणसाला चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या मिळतात, आतल्या दप्तराची यादी मिळेलच असं नाही. एकाच माणसाकडं दोन-तीन टेबलं असतात, कारण पदं रिकामी आहेत. अशा माणसापुढं कुणी 'आमच्या आज्याचा कायतरी जुना कागद असंल बघा' म्हणून उभं राहिलं, तर त्याच्या तोंडून नकारच निघतो. काय शोधायचं हे त्याला कळत नाही आणि शोधायला वेळही नाही.

म्हणजे अर्जदारानं दोन गोष्टी करायच्या आहेत. शोधणं सोपं करायचं आणि टाळणं अवघड करायचं.

कागदाला त्याच्या नावानं मागा

महसुलाचं गावपातळीवरचं दप्तर 'गाव नमुने' या नावानं ओळखलं जातं आणि प्रत्येक नमुन्याला क्रमांक आहे. सात-बारा म्हणजे नमुना सात आणि नमुना बारा एकत्र. खातेउतारा हा आठ-अ. फेरफार नोंदवही हा नमुना सहा. जमीन कुणाकडून कुणाकडं कशी गेली, वारस कोण लागले, हे सात-बारावर थोडक्यात असतं, पण त्याची गोष्ट फेरफारात असते. सात-बारावर वर्तुळात लिहिलेले आकडे दिसतात ते फेरफारांचेच क्रमांक. 'जमिनीचे जुने कागद द्या' असं म्हणण्याऐवजी 'मौजे अमुक, गट नंबर अमुक, फेरफार क्रमांक अमुकची नक्कल द्या' असं म्हटलं, की लिपिकाला नेमकं कोणतं बुक काढायचं ते कळतं. मोजणीचे नकाशे, टिपण, गुणाकार बुक, आकारफोड हे तहसीलमध्ये मिळत नाही. ते भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांच्या कार्यालयात असतं. इतकं ठाऊक असलं तरी अर्धे हेलपाटे वाचतात.

आमच्याकडं सर्वांत जास्त शोध चालतो तो जातीच्या पुराव्याचा. जातप्रमाणपत्रासाठी आणि वैधतेसाठी ठरावीक तारखेआधीची नोंद लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचे कागद घरात कुणाच्या असतात? ज्यांच्या घरात शिक्षण पोचलं नव्हतं, त्यांच्याकडं शाळेचा दाखला नाही. ज्यांना जमीन नव्हती, त्यांच्या नावाचा सात-बारा नाही. अशा घरांसाठी उरतं ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहिले जात आणि नावासोबत जातही लिहिली जाई. एखाद्या मजुराच्या पणजोबाचं नाव सरकारदरबारी फक्त त्या एका ओळीत असू शकतं. तो गठ्ठा उघडायला नकार दिला, तर त्याच्या पणतीचं शिक्षण अडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं, त्यांतले उर्दू, फारसी आणि मोडी कागद धुंडाळले गेले, तेव्हा रेकॉर्ड रूममधल्या जुन्या बुकांची किंमत उभ्या महाराष्ट्राला कळली.

शाळेतही असंच आहे. 'दाखला हरवला, दुसरा द्या' एवढंच लोक म्हणतात. प्रवेश-निर्गम उतारा मागितला, तर रजिस्टरातली मूळ ओळच उतरवून मिळते. माझ्या टेबलापुढं जो माणूस दाखल झाल्याचं अंदाजे वर्ष, त्या वेळचं गाव आणि बापाचं नाव सांगायचा, त्याचं काम मी जेवायच्या सुट्टीआधी करू शकत असे. ज्याला यातलं काहीच ठाऊक नसे, त्याच्यासाठी पानं उलटत बसावं लागे.

कोणत्या दारानं जायचं

हल्ली कुणी कागद अडवला, की लोक थेट 'माहिती अधिकार टाकतो' म्हणतात. तो कायदा मोठा आहे, पण पहिलं दार दरवेळी तेच नसतं.

जी कागदपत्रं पाहायचा आपल्याला हक्क आहे, त्यांची प्रमाणित नक्कल ठरलेली फी घेऊन द्यायला अधिकारी बांधलेला आहे, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आली आहे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ३२७ सांगतं, की नकाशे आणि भूमी अभिलेख लोकांना पाहण्यासाठी खुले असावेत आणि त्यांच्या नकला मिळाव्यात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात नोंदवहीत शोध घ्यायला लावून उतारा मिळवण्याची सोय आहे, आणि नोंद सापडली नाही तर अनुपलब्धतेचा दाखला मागता येतो. उशिरा नोंद करायची झाली तर पुढं हाच दाखला कामाला येतो. म्हणून साधा नक्कल अर्ज हे पहिलं दार. नकलेची फी भरा, पावती घ्या.

दुसरं दार लोकसेवा हक्क कायद्याचं. २०१५ च्या या कायद्यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरवलेली आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि कुणी द्यायची, याचा फलक कार्यालयात लावायचा असतो. तो वाचा. मुदत टळली तर अपील करता येतं आणि सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

तिसरं दार दफ्तर दिरंगाई कायद्याचं. बदल्या आणि दिरंगाई यांविषयीचा महाराष्ट्राचा २००५ चा जो कायदा आहे, त्याला लोक या नावानं ओळखतात. कुणाही कर्मचाऱ्यानं सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ फाईल आपल्याकडं ठेवू नये, असं तो सांगतो. आपला अर्ज कुठं अडला हे विचारणाऱ्या स्मरणपत्रात या कायद्याचा एका ओळीत उल्लेख केला, तर तो वाचणाऱ्याला समजतो.

यातून काम झालं नाही, किंवा मागायचा कागद नक्कल विभागातला नसून चालू फाईलमधला असला, म्हणजे रस्त्याचं मोजमाप पुस्तक, घरकुलाची यादी, आपल्याच अर्जावरचे शेरे, तर माहितीचा अधिकार.

नकाराचं ओझं फिरवणारा कायदा

हा कायदा कुणी देणगी म्हणून दिलेला नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेनं गावोगाव जनसुनवाया घेतल्या, मजुरांच्या हजेरीपटांच्या नकला मागितल्या. १९९६ साली ब्यावरला त्यासाठी मोठं धरणं झालं. मजुरी बुडालेल्या बायकांना आपलं नाव हजेरीपटावर कसं लिहिलंय एवढंच पाहायचं होतं. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यानं २००२ साली राज्याचा कायदा आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा पूर्णपणे लागू झाला.

त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम ७(८). माहिती नाकारायची असेल तर नाकारण्याची कारणं, अपिलाची मुदत आणि अपील कुणाकडं करायचं याचा तपशील अर्जदाराला कळवावा लागतो. म्हणजे न देण्यालाही सही लागू लागली. सबळ कारणाशिवाय माहिती अडवली तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे आणि तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. माहिती देण्यासाठी कार्यालयात नेमलेल्या जनमाहिती अधिकाऱ्यानं ज्या सहकाऱ्याची मदत मागितली, तो सहकारीही या कायद्यापुरता जनमाहिती अधिकारीच समजला जातो. म्हणून रेकॉर्ड काढून न देणाऱ्या लिपिकालाही 'मी कुठं जनमाहिती अधिकारी आहे?' असं म्हणून सुटता येत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलीला वैधता प्रमाणपत्रासाठी पणजोबांची नोंद हवी होती. संबंधित कार्यालयात तिला सांगितलं होतं, 'ती बुकं जीर्ण झालीत, हात लावला की तुकडे पडतात, निघणार नाहीत.' मी तिच्यासोबत गेले. अर्जात गावाचं नाव, गाव नमुना चौदा, दहा वर्षांचा कालावधी, पणजोबांचं नाव, घरातल्या दोन मृत्यूंची अंदाजे सालं लिहिली होती. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, 'अहो मॅडम, मागच्या वेळीच सांगितलं की यांना.' मी म्हटलं, 'भाऊसाहेब, खरं असेल तर तेवढंच लिहून द्या. बुक जीर्ण आहे म्हणून पाहता येत नाही, एवढ्या दोन ओळी आणि खाली सही.' त्यांनी अर्ज उचलला आणि आत अव्वल कारकुनांकडं गेले. अव्वल कारकून बाहेर आले, सालं विचारली आणि म्हणाले, 'एवढं नेमकं असेल तर बघायला लावतो.' बुक निघालं. कडा खरंच झिजल्या होत्या, पण पानं वाचता येत होती. नोंद मोडीत होती. मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागलं. मुलीचा प्रवेश टिकला. त्या भाऊसाहेबांनी आधी खोटं सांगितलं, असं मला वाटत नाही. त्यांनी बुक पाहिलंच नव्हतं. लिहून द्यायचं म्हटल्यावर मात्र पाहावं लागलं.

अर्ज कसा लिहावा

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात करतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, किंवा रोख भरून पावती घ्यायची. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, शिधापत्रिकेसारखा पुरावा जोडावा. २०१२ च्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५० च्या आत ठेवावेत. हे बंधन अर्जदाराला एका परीनं उपयोगीच पडतं, कारण लांबलचक गाऱ्हाण्यात मागणी हरवून जाते.

अर्जात 'का' विचारू नका. 'माझं घरकुल का नाकारलं?' या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. कार्यालयाजवळ नोंदरूपात जे आहे तेच देणं बंधनकारक आहे, नवं मत तयार करून देणं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून मागणी कागदाची करा. 'अमुक गावाच्या घरकुल प्राधान्य यादीची प्रत, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावरील सर्व टिपण्या आणि शेऱ्यांची प्रत, त्याबाबतच्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत.' का ते या तीन कागदांतच लिहिलेलं असतं.

माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. 'कशाला पाहिजे?' या प्रश्नाला नम्रपणे 'कायद्यानं कारण लागत नाही' एवढंच म्हणावं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं पाठवायचं काम त्यांचं आहे, आपलं नाही. 'ते आमच्याकडं नाही, तिकडं जा' हे उत्तर म्हणूनच तोंडी ऐकून घ्यायचं नाही.

अर्ज लिपिकाच्या हातात देऊन निघून येऊ नका. तो आवक टेबलावर द्यायचा, महसूल कार्यालयात याला बारनिशी म्हणतात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवायचा. पोस्टाची पावती आणि पोच अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवायची. या पोचेपासून ३० दिवस मोजले जातात. प्रश्न कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. प्रतींसाठी पानामागं दोन रुपये घेतात, त्याचा हिशेब कळवावा लागतो. मुदत टळली तर पुढं माहिती फुकट द्यावी लागते.

कितीतरी जणांना ठाऊक नाही, की प्रत न मागता फाईल नुसती पाहायलाही मागता येते. कायद्यात 'पाहणी' हा स्वतंत्र हक्क आहे. टिपणं काढा, पान क्रमांक लिहून घ्या आणि हव्या त्याच पानांच्या प्रती मागा. शेकडो पानांची झेरॉक्स घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि मधलं पान गायब असलं तर तिथल्या तिथं दिसतं. पुणे महापालिकेत सोमवारी नागरिकांना फायली दाखवायची प्रथा आधी सुरू झाली. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं परिपत्रक काढून जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहायला द्यायला सांगितलं. तालुक्याच्या कार्यालयात या परिपत्रकाची प्रत सोबत न्यावी. तिथल्या नव्या माणसाला ते ठाऊक नसण्याची शक्यता मोठी आहे.

'सापडत नाही' हे उत्तर नव्हे

सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'रेकॉर्ड सापडत नाही.' त्याचे अर्थ तीन. कागद अजून शोधलेला नाही, नियमाप्रमाणे नष्ट केला आहे, किंवा खरोखर गहाळ झाला आहे. तिन्हींचा कागदी पुरावा वेगळा असतो.

सरकारी अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' वर्गाचे ३० वर्षं, 'क' वर्गाचे १० वर्षं, 'ड' वर्गाचे एक वर्ष. म्हणून कुणी 'जुनं होतं, नष्ट केलं' म्हणालं तर विचारायचं, 'कोणत्या वर्गातलं होतं? नष्ट केल्याचा आदेश आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी द्या.' कायम ठेवायचा कागद नष्ट केला असं लेखी द्यायला कुणी धजत नाही, आणि शोध पुन्हा सुरू होतो.

गहाळ म्हणत असतील तर तसं लिहून मागा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख बेकायदा नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१३ साली दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, की एके काळी कार्यालयात असलेली माहिती नुसतं 'सापडत नाही' म्हणून नाकारता येत नाही. कसून शोध घ्यावा आणि तरी मिळाली नाही तर चौकशी करून जबाबदारी ठरवावी. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही गहाळ फायलींबाबत गुन्हा नोंदवण्याचे निर्देश दिले. अर्जात हे धमकीच्या सुरात लिहू नये. 'अभिलेख उपलब्ध नसल्यास शोध घेतल्याचा अहवाल आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीची प्रत द्यावी' एवढं वाक्य पुरतं.

काही वेळा कागद खरंच जळालेले, भिजलेले असतात. पानशेतच्या १९६१ च्या पुरानं पुण्यातल्या घरांत आणि कचेऱ्यांत पाणी घातलं, २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. अशा वेळी लक्षात ठेवायचं, की एकच मजकूर सहसा एकाहून जास्त ठिकाणी लिहिलेला असतो. मंत्रालयातून निघालेल्या पत्राची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवकेत असते. शाळेत मुलाचं नाव घातलं तेव्हाची जात जनरल रजिस्टरात असते. वारसनोंद फेरफारात असते, तशी वाटणीपत्राची नोंद दुय्यम निबंधकाकडं असते. एका कार्यालयाचं लेखी 'उपलब्ध नाही' हे पत्र दुसऱ्या कार्यालयात दाखवायला उपयोगी पडतं, तेही याच कारणानं मागून घ्यावं.

पुढची पायरी

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर कायद्यानं तो नकारच समजला जातो. तेव्हापासून ३० दिवसांत प्रथम अपील करायचं, 'जोडपत्र ब' मध्ये, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अपिलीय अधिकारी त्याच कार्यालयातला वरिष्ठ असतो आणि त्यानं ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत, निर्णय द्यायचा असतो. माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणं इथंच मिटतात, कारण सुनावणीत लिपिकाला फाईल घेऊन साहेबांसमोर यावंच लागतं आणि साहेबांनाही ती पहिल्यांदाच नीट दिसते. सुनावणी चुकवू नका.

त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील करता येतं. पण आयोगापुढं २०२४ साली एक लाखाहून जास्त प्रकरणं साचली होती. तिथं वर्ष-दोन वर्षंही जाऊ शकतात. ज्याच्या मुलीचा प्रवेश जुलैत आहे, त्याला त्या वाटेचा काय उपयोग? म्हणूनच पहिला अर्ज नीट लिहिणं आणि प्रथम अपिलात हजर राहणं याला इतकं महत्त्व आहे. आयुक्तांची रिकामी पदं भरा, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे, कारण दंडाची भीती उरली नाही तर टेबलावरचं 'पुढच्या आठवड्यात या' परत येईल.

एक खबरदारी. दुसऱ्याच्या खासगी आयुष्यातली माहिती मागायला हा कायदा नाही. खासगी माहितीचं कलम ८(१)(ञ) हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं आणखी रुंद केलं आहे, आणि त्याआड सार्वजनिक कामाचे कागदही लपवले जातील ही काळजी रास्त आहे. कलम ८(२) मात्र आहे. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. लाभार्थ्यांची यादी किंवा ठेकेदाराचं बिल मागताना लोकहित कोणतं, हे एका वाक्यात लिहावं.

चहापाणी आणि आवाज

लिपिकानं पैसे मागितले तर देऊ नका आणि तिथं आरडाओरडाही करू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रार तिथं करा. पैसे देऊन मिळवलेली नक्कल पुढच्या माणसाचा दर ठरवून जाते.

आवाज चढवल्यानं लिपिकाचा फायदा होतो. 'शासकीय कामात अडथळा' म्हणायला त्याला निमित्त मिळतं आणि तुमची मागणी बाजूला पडते. नाव विचारावं, भाऊसाहेब, ताई म्हणावं, त्यांच्या अडचणी ऐकून घ्याव्यात. मग शांतपणे म्हणावं, 'तुमचं खरं असेल, फक्त लिहून द्या.' काम झाल्यावर वरिष्ठांना दोन ओळींचं आभाराचं पत्र द्यावं. मी नोकरीत असताना अशी पत्रं फार थोडी येत. आलेली मी जपून ठेवत असे, कारण आपण केलेलं काम कुणाच्या उपयोगी पडलं हे लिपिकाला एरवी कुणी सांगत नाही.

जमीन, बांधकाम, मोठे ठेके यांची माहिती मागणाऱ्यांनी एकट्यानं पुढं जाऊ नये. तळेगाव दाभाड्याचे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी जमिनींचे गैरव्यवहार उघडे पाडले होते. १३ जानेवारी २०१० ला त्यांची हत्या झाली. अशी माहिती दोघा-चौघांनी वेगवेगळे अर्ज करून मागावी. कागद अनेकांच्या हातात असला, की एकाला गप्प करून काही साधत नाही.

ज्याला लिहिता येत नाही

माहिती अधिकाराच्या कायद्यातली एक तरतूद मी प्रत्येकाला सांगते. अर्जदाराला लिहिता येत नसेल, तर त्याची तोंडी मागणी लिहून घ्यायला जनमाहिती अधिकाऱ्यानं मदत करायची आहे. ही मेहेरबानी नाही, कलम ६(१) खाली त्याचं ते कर्तव्य आहे. आज तालुक्याच्या कार्यालयांत हे जवळपास कुठंच होताना दिसत नाही. लिहिता न येणारी बाई बाहेरच्या टपरीवर अर्ज लिहून घेते, त्याचे पैसे देते आणि त्या अर्जात काय लिहिलंय हे तिला ठाऊक नसतं.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुम्हाला वाचता-लिहिता येतं. तुमचं काम झाल्यावर पोच कशी घ्यायची, कागदाचं नाव काय, नकार लेखी कसा मागायचा, एवढं आणखी एका माणसाला शिकवा. जमलं तर एखाद्या सोमवारी दुपारी त्याच्यासोबत जा, आणि त्याचा अर्ज तुम्ही लिहू नका. त्याची मागणी त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, असं जनमाहिती अधिकाऱ्याला सांगा. अधिकाऱ्यानं तो लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला आणि पोच हातात दिली, तर कायदा त्या कार्यालयात लागू झाला असं समजा. आणि तसं करायला ते तयार नसतील, तर शांतपणे म्हणा, 'ठीक आहे साहेब, मदत करत नाही असं लिहून द्या.'